टॉवरखाली वाढलेलं पान

१४ सप्टेंबर २००२, शनिवार. ड्राय स्प्रिंग

आले एकदाची. रेडमंडच्या घरून निघाले तेव्हा वायपर चालू होते. डोंगर उतरले आणि कुणी नळ बंद करावा तसा पाऊस थांबला. पुढे नुसतं ऊन, पिवळी माती आणि सेजब्रश नावाचं करडं, खुरटं झुडूप. लोकांना म्हणे इथे उदास वाटतं. मी नागपूरची, मला मे महिन्यात माहेरी आल्यासारखं वाटलं. यतीनला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, बायका नवऱ्याला सोडून हवाईला जातात, तू कुठे जाऊन बसलीस यार.

कुठे बसलेय ते लिहून ठेवते, उर्वी मोठी झाली की वाचेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना घरांतून उचललं आणि तारेच्या कुंपणात कोंडलं. तसला एक कँप इथे होता. स्मारकासाठी नेमलेल्या बोर्डाच्या ब्रोशरवर त्याला 'रिलोकेशन सेंटर' म्हटलंय, जणू कंपनीनं ट्रान्स्फर दिली होती. मी सरळ कॉन्सन्ट्रेशन कँप म्हणणार. आता या जागेवर स्मारक व्हायचंय आणि त्याचं डिझाइन माझ्याकडे आलंय. लँडस्केप आर्किटेक्ट ऑफिसात पुष्कळ आहेत, पण साइटवर मुक्काम टाकायला तयार झालेली मी एकटीच.

राहायला ट्रेलर दिलाय. आत शेगडी, फोन, ड्रॉइंगचं टेबल, आणि मी आणलेला कुकर. कँपचं म्हणाल तर काही उरलेलं नाही. बराकी विकल्या, तारसुद्धा विकली. जुन्या गेटातून एक कच्चा रस्ता आत येतो, त्याच्या टोकाला माझा ट्रेलर. पुढे मोकळं मैदान. मैदानाच्या पलीकडच्या कडेला काँक्रीटचे चार ठोकळे, गुडघाभर उंचीचे. त्यांच्यावर पहाऱ्याचा टॉवर उभा होता. आज दुपारी त्यातल्याच एका ठोकळ्यावर बसून मी दहीभात खाल्ला. वारा छान होता.

२१ सप्टेंबर, शनिवार

आठवडाभर फक्की टाकतेय. जुन्या नकाशावरून मोजायचं, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि तिच्यावरून पांढरी भुकटी सोडत जायची. इथले लोक स्प्रेचा डबा वापरतात. मी हट्टानं चुन्याच्या गोण्या मागवल्या. कारण फक्कीनं आखलं की रिकाम्या जमिनीवर घर दिसायला लागतं, हे मी शिकाऊ असल्यापासून पाहत आलेय. बराकी आखल्या, मेसहॉल आखला, शेवटी कुंपणाची रेघ ओढली. टॉवरचे ठोकळे या रेघेच्या जरासे बाहेर पडतात.

आज हारुको ओकाडा आल्या. सत्तरीला टेकलेल्या, सिअ‍ॅटलच्या शाळेतून रिटायर झालेल्या, अंगाने काडी आणि जिभेला धार. लहानपणी त्या याच कँपमध्ये होत्या. तुम्हाला काकू म्हणू का, असं विचारून मी अर्थ समजावून सांगितला. म्हणाल्या, खुशाल म्हण, पण मला स्वयंपाक येत नाही.

मग मैदानात हिंडता हिंडता त्यांनी वडिलांचं सांगितलं. ते माळी होते. बराकीच्या दारापुढे त्यांनी दगडांची बाग मांडायला घेतली होती. कुंपणापलीकडे त्यांना एक दगड आवडला. भर दुपारी ते तारेखालून वाकून तो ओढत होते, आणि टॉवरवरच्या शिपायानं गोळी घातली. काकू तेव्हा आठ वर्षांच्या, बराकीच्या पायरीवर बसल्या होत्या. सरकारी कागदावर नोंद झाली की कैदी पळून जात होता. चौकशीत शिपाई सुटला.

काकूंना स्मारकात दोनच गोष्टी हव्यात. कुंपण आणि टॉवर लोकांना दिसला पाहिजे, आणि तिथे स्पष्ट लिहिलेलं हवं की ते पळून जात नव्हते. मी म्हटलं, यात कठीण काय आहे. काकू नुसत्या हसल्या.

२८ सप्टेंबर, शनिवार

कठीण काय ते काल गावातल्या मीटिंगमध्ये कळलं. बोर्डाचे चेअरमन प्रूइट म्हणून आहेत, पांढऱ्या मिशांचे, बोलायला अगदी लोणी. त्यांना हीलिंग गार्डन हवंय. पाण्याचा झरा, बाक, चेरीची झाडं. टॉवर नको, कुंपण नको. गेल्या वर्षी न्यूयॉर्कला एवढं घडलंय, देश जखमी आहे, अशा वेळी आपल्या शिपायाला वाईट दाखवायचं का, असं ते फार प्रेमानं म्हणाले. मग मी किती वर्षं अमेरिकेत आहे, तेही तेवढ्याच प्रेमानं विचारलं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, तुरुंगाचं स्मारक करायचं आणि भिंत लपवायची असेल तर माझी गरज नाही, नर्सरीवाल्याला बोलवा. कुंपणाशिवाय एकही ड्रॉइंग माझ्या सहीनं जाणार नाही. खोलीत सगळे आपापल्या कॉफीकडे बघायला लागले. शेवटी प्रूइट म्हणाले, ऑक्टोबरअखेर तुमचं डिझाइन आणा, मग मत घेऊ.

यतीन फोनवर वैतागला. आपण व्हिसावर आहोत, ग्रीन कार्ड लटकलंय, दाढी वाढवायलासुद्धा लोक घाबरतात आणि तू भांडणं उकरून काढतेस. मी म्हटलं, घाबरून गप्प बसणाऱ्यांना इथे किती सुखात ठेवलं होतं ते बघायला ये एकदा. त्यानं फोन उर्वीकडे दिला. ती म्हणाली, मॉम, डॅड इज मॅड, बट आय थिंक यू आर कूल. मी कूल म्हणे. मला तेवढं पुरलं.

६ ऑक्टोबर, रविवार

सर्वपित्री अमावस्या. घरचं नागपूरला संजयदादा करतो, पण आज मनात आलं, इथल्यांचं काय? काकूंच्या वडिलांचं त्यांच्या पद्धतीनं सगळं झालं असेल. पण या जागेवर, जिथे ते पडले तिथे, कुणी घास ठेवलेला नाही. हे बायकांनी करायचं नसतं म्हणतात. म्हणोत.

सकाळपासून राबले. भात, वरण, कढी, खीर, उडदाचे वडे, लाल भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी मात्र घरून आणलेली. केळीचं पान कुठलं, कागदाच्या प्लेटवर पान वाढलं. ते पडले त्या ठिकाणी काटे आणि मुंग्यांची वारुळं आहेत. टॉवरचा ठोकळा पाटासारखा स्वच्छ होता, म्हणून तिथे ठेवलं, पाणी फिरवलं आणि दूर जाऊन बसले.

इथे आपल्यासारखे कावळे नाहीत, मोठाले डोमकावळे आहेत. तिघे-चौघे आले, आजूबाजूला बसले, पानाला शिवेनात. आता काय करायचं ते लहानपणापासून पाहिलेलं आहे. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर ती पुरी करायचा शब्द मोठ्यानं द्यायचा. मी म्हटलं, तुमचं नाव इथे लागेल. हलले नाहीत. म्हटलं, तुम्ही पळत नव्हता असं दगडात कोरीन. तरी नाहीत. तुमची बाग पुरी करीन, काकूंकडे लक्ष देईन. छे. ऊन डोक्यावर आलेलं, पोटात कावळे ओरडत होते आणि समोरचे गप्प. शेवटी कंटाळून म्हणाले, बाबा, तुमचं जे काही राहिलं असेल ते मी करीन.

सगळ्यात मोठा डोमकावळा झेपावला आणि त्यानं भाताची मूदच उचलली.

आई असती तर मला फाडून खाल्लं असतं. शब्द देताना नेमका द्यायचा असतो. मुलीचं लग्न लावीन, भावाला सांभाळीन. जे काही राहिलं असेल ते, असं मोघम आमच्या घरात कुणी बोलत नाही. पण शिवला ना, झालं. मग मी दोन वाट्या खीर प्यायले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

काम असं चाललंय की दृष्ट लागावी. काल सकाळी सहज ठोकळ्यावर चढून उभी राहिले आणि सगळा कँप डोळ्यांपुढे मांडला गेला. कुठली बराक आडवी येते, कुठून माणूस कुंपणाकडे आला तर आधी डोकं दिसेल, सगळं. उभ्या उभ्या रेखाटत गेले. टॉवरवरून कँप कसा दिसत असेल त्याची ही ड्रॉइंग्ज माझ्या आजवरच्या कामात सगळ्यात चांगली आहेत. काकूंच्या वडिलांचा आशीर्वाद, दुसरं काय.

एकच गोष्ट. ठोकळ्यावर उभं राहिलं की मैदानात सावली दिसते. माझी नाही. माझ्यापेक्षा कितीतरी उंच, चार पायांची, वर चौकोनी खोकं. माझ्या पायाशी सुरू होते आणि लांबवर जाते. मागे वळून पाहिलं तर आकाश. डोळ्यांवर ऊन येत असेल. उद्या टोपी घालणार.

आणि पाठ दुखतेय. दिवसभर इतकी ताठ कशाला उभी राहते मी?

१० ऑक्टोबर, गुरुवार

टोपी घातली. सावली आहे. आज सूर्य डाव्या हाताला होता तरी ती पुढेच पडली होती, मी जिकडे बघेन तिकडे वळत होती.

दुपारी एक ससा रेघेकडे आला. आतल्या बाजूनं, उड्या मारत. मला राग आला. सशाचा! रेघेच्या आत राहा, असं वाटलं, आणि उजव्या खांद्याला काहीतरी जड टेकलं. गार, लाकूड आणि लोखंड. माझे हात रिकामे होते. सशानं रेघ ओलांडली आणि माझं बोट आपसूक मिटलं.

आवाज झाला नाही. ससा आडवा झाला. मी जाऊन पाहिलं. मानेत भोक, रक्त गरम.

पुरला त्याला. रडले. खांद्यावर काळा-निळा डाग पडलाय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी जाग आली ती ठोकळ्यावर, उभ्यानेच. पायांत मोजे नव्हते.

ओकाडा काकू आल्या. मैदानातून सरळ माझ्याकडे यायला लागल्या आणि माझ्या तोंडून 'हॉल्ट' निघालं. जाड, पुरुषी. काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या पायाशी होती. मी ओरडून सांगितलं, काकू, पुढे येऊ नका, हात जोडते. मग होतं तसं सगळं सांगितलं. पान, डोमकावळे, शब्द, ससा.

त्यांनी विचारलं, पान कुठे ठेवलंस. मी म्हटलं, इथे, ठोकळ्यावर.  मग त्यांनी त्या शिपायाचं सांगितलं. त्याच हिवाळ्यात, बर्फाच्या वादळात तो टॉवरवर होता. त्याला मोकळं करायला दुसरा शिपाई यायचा होता, तो आलाच नाही. हा खाली उतरला नाही. सकाळी कठड्याला टेकून उभा सापडला, गोठलेला, डोळे उघडे. कँपमधली मुलं म्हणायची, त्याची पहाऱ्याची पाळी अजून संपलेली नाही.

म्हणजे मी जेवू घातलं ते वडिलांना नाही. त्याच्या दारात त्याला वाढलं, आणि म्हटलं, तुझं राहिलेलं मी करीन. त्याचं पहाऱ्याचं काम राहिलं होतं. तो गेला मोकळा होऊन.

 काकू घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, लहानपणी या टॉवरला फार घाबरले, आता कंटाळा येतो घाबरायचा. मी ड्रॉइंग्जची गुंडाळी रेघेपलीकडे त्यांच्याकडे फेकली. टॉवर आहे, कुंपण आहे, ते वाक्य आहे, सही आहे. बोर्डापुढे तुम्ही मांडा. प्रूइट कितीही गोड बोलला तरी यातली एक रेघ पुसू देऊ नका. त्या हो म्हणाल्या. गेटपर्यंत मागे वळून बघत गेल्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर पाय ठोकळ्यावर खिळलेले असतात, सूर्य मावळला की सुटतात. काल गाडी काढली. गेटापर्यंत आले. पाय ब्रेकवर गेला तो उठेना. ढोपरावर बुक्क्या मारल्या. नाही उठला.

यतीनला फोन केला. म्हटलं, काहीही झालं तरी इकडे येऊ नकोस, उर्वीला तर मुळीच आणू नकोस. का, तर सांगता येईना. शेवटी तेही सांगितलं. तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला, आजाऱ्याशी बोलतात तसा. म्हणाला, तू फक्त आराम कर. त्याचा तो आवाज मला ओळखता येतो. तो येणार.

परत फोन लावला. उचलला नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मोठ्यानं सांगितलं. शब्द परत घेते. काही नाही. पान खाल्लेलं आहे.

रात्रीच रांधून नवीन पान वाढलं, नेमकं बोलले. एकही डोमकावळा फिरकला नाही.

— खांद्यावर वजन दिवसभर. मिटायला बघतं बोट. एक कळलं. हातात पेन असलं की वजन जातं. लिहीत असताना ससा गेला रेघेवरून, दुसरा, जिवंत गेला. हात लिहीत असेल तर तो दुसरं काही धरू शकत नाही. म्हणून लिहितेय. काहीही. भात, वरण, कढी. उर्वी, उर्वी, उर्वी.

शिपाया, तुला वाटलं असेल, बाई आहे, व्हिसावर आहे, घाबरून उभी राहील सांगितल्या जागी. पान ठेवायची जागा चुकली माझी. कुणासाठी ठेवलं ते नाही चुकलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. ठोकळ्यावर आहे. वही हातात.

आज सीमोल्लंघन. नागपुरात संध्याकाळी सगळे वेस ओलांडून जातील, आपट्याची पानं आणतील. मी ही रेघ ओलांडणार. पाळी टाकून, तुझ्या देखत, दिवसाउजेडी. पाय उठत नाहीत अजून. उठतील. एक उठला —

धूळ. गेटाकडे. आमची गाडी. यतीन, किती सांगितलं रे —

ट्रेलरपाशी थांबली. उर्वी उतरली. लाल जॅकेट. मी दिसले तिला. हात हलवतेय.

पळत येतेय. मैदानातून सरळ, माझ्याकडे, रेघेकडे —

ओरडले, थांब. निघालं 'हॉल्ट'. ती हसली. खेळ वाटला तिला.

उतरले. उतरले मी. पाय शिशाचे. लिहितेय, चालतेय, अक्षर कसंही येवो, पेन सोडायचं नाही —

वजन येतंय. पेनाच्या वरून येतंय —

रेघेवर पोचले. उभी आहे, टॉवरकडे तोंड, पाठीशी उर्वीची पावलं. आणि वरूनही मीच बघतेय. खाली एक बाई, वही, वाऱ्यावर ओढणी. तिच्यामागे लाल. बंदुकीच्या माशीवर नेम धरतात तसं —

नाही. ऐक. नाही करणार तुझं काम. भात खाल्लास, खा. हात माझा आहे. लिहिणारा आहे तो. माझी पोर पळून जात नाहीये, ती माझ्याकडे येतेय. तेही पळून जात नव्हते. बघ, लिहितेय, तुझ्या डोळ्यांपुढे लिहितेय, ते पळून जात नव्ह